"आधी जुनं काढा, मग नवं टाका": पत्त्यांच्या खेळाच्या एका अपडेटची तपासणी

आत्याचा फोन आला. तिचं पहिलंच वाक्य होतं, "अरे, माझी चार वर्षांची नाणी जातील का रे?" अपडेट खरा की खोटा हा प्रश्न तिच्या मनाला शिवलाही नव्हता. तिला काळजी होती ती खेळात साठवलेल्या नाण्यांची, आणि त्या काळजीनेच तिचा फोन वाचला. हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण त्यात फसवणुकीचा सगळा जोर एका साध्या, मदतीच्या सुरात सांगितलेल्या वाक्यावर होता. ते वाक्य शीर्षकात आहे.

काय घडलं ते आधी क्रमाने सांगतो. आत्या मोबाइलवर चौघांचा पत्त्यांचा डाव खेळते. रोज संध्याकाळी, ठरलेल्या मंडळींबरोबर. या मंडळींचा मेसेजिंग ॲपवर एक गट आहे, तिथे कोण कधी टेबलावर येणार ते ठरतं. त्या गटात एका गृहस्थांकडून एक फाइल आली. फाइलच्या नावात खेळाचं नाव होतं, पुढे आवृत्तीचा क्रमांक होता, आणि खाली मजकूर: "नवीन व्हर्जन आलं आहे. जुन्यावर उद्यापासून टेबल उघडणार नाही. स्टोअरवर यायला वेळ लागतो, तोवर ही फाइल टाका." हे गृहस्थ आत्याला अनोळखी नव्हते. दोन वर्षं ते तिचे भिडू होते.

तिने फाइल दाबली. मेसेजिंग ॲपला बाहेरची ॲप इन्स्टॉल करू द्यायची का, असं फोनने विचारलं. तिने हो म्हटलं. मग "इन्स्टॉल" दाबलं, पट्टी सरकत शेवटपर्यंत गेली आणि फोनने नकार दिला. ॲप इन्स्टॉल झालं नाही, हे पॅकेज आधीच्या पॅकेजशी जुळत नाही, अशा अर्थाची एक ओळ आली. तिने ती गटात कळवली. मिनिटभरात उत्तर आलं: "ताई, आधी जुनं काढा, मग नवं टाका. सगळ्यांचं तसंच झालं."

ती काढायला गेलीही. पण काढताना फोनने बजावलं की या ॲपचा सगळा डेटा जाईल. ती पाहुणी म्हणून खेळत होती, म्हणजे खेळाला कुठलंही खातं जोडलेलं नव्हतं. नाणी, पदकं, मित्रांची यादी, सगळं त्या एका फोनच्या भरवशावर. तिथे तिचा हात थांबला आणि तिने मला फोन लावला.

मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. जुनं ॲप काढू नकोस. आणि मेसेजिंग ॲपला दिलेली इन्स्टॉलची परवानगी सेटिंग्जमध्ये जाऊन आत्ताच्या आत्ता बंद कर. ही परवानगी अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. त्याआधी साऱ्या फोनसाठी एकच खटका असायचा. ही सुधारणा चांगली आहे, पण एकदा दिलेली परवानगी आपण बंद करेपर्यंत चालूच राहते, आणि बंद करायची आठवण फारशी कुणाला होत नाही. दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन माझ्याकडे आली.

फोन नाही का म्हणाला

अँड्रॉइडवर सही नसलेलं ॲप इन्स्टॉलच होत नाही. ही सही म्हणजे गणिती सही. ॲप बनवणाऱ्याकडे एक गुप्त किल्ली असते, तिने तो फाइलवर सही करतो आणि त्या किल्लीची ओळख सांगणारं प्रमाणपत्र फाइलमध्येच जातं. हे प्रमाणपत्र कुठल्या वरच्या संस्थेने दिलेलं नसतं, बनवणारा ते स्वतःच तयार करतो. म्हणून एखादं ॲप पहिल्यांदा येतं तेव्हा सही कोणाची आहे याची फोन चिकित्सा करत नाही. कोणाचीही चालते. फोन फक्त ती लक्षात ठेवतो.

खरी परीक्षा होते दुसऱ्या वेळेला. पॅकेजचं नाव म्हणजे ॲपचं आतलं नाव, ज्यावरून फोन ते ओळखतो. त्याच नावाच्या पॅकेजची नवी फाइल आली की फोन तिची सही जुन्या सहीशी ताडून पाहतो. जुळली तर जुन्यावर नवं बसतं आणि आतला डेटा जागेवर राहतो. नाही जुळली तर नकार. कोण प्रामाणिक आणि कोण लबाड हे फोनला ठाऊक नसतं. त्याला एवढंच सांगता येतं की आज आलेला माणूस तोच आहे, जो पहिल्या दिवशी आला होता. आणि हे तो सांगू शकतो ते जुनी प्रत फोनवर आहे म्हणूनच.

आता "आधी जुनं काढा" या सल्ल्याचा अर्थ बघा. जुनी प्रत म्हणजे या प्रकरणातला एकमेव साक्षीदार. तो गेला की फोन पुन्हा पहिल्या दिवसावर येतो, जिथे कोणाचीही सही चालते. खोटी फाइल बनवणाऱ्याला अँड्रॉइडचं कुलूप तोडता येत नाही, म्हणून तो घरधन्याकडूनच दार उघडून घेतो. आणि सल्ला इतका नेहमीचा वाटतो की शंका येत नाही. ॲप अडलं की काढून पुन्हा टाकायचं, हे आपण सगळेच करत आलो आहोत.

सहीची ही व्यवस्था सुरुवातीपासून एवढी पक्की नव्हती. जुन्या पद्धतीत फाइलच्या आतले घटक एकेक करून तपासले जायचे, अख्खी फाइल नाही. २०१७ मध्ये 'जानस' नावाने ओळखली गेलेली चूक उघड झाली, तिचं मूळ यातच होतं. मूळ सहीला धक्का न लावता फाइलच्या सुरुवातीला परका कोड जोडता येत होता. म्हणजे सही जुळायची आणि आतला माल मात्र वेगळा. गूगलने डिसेंबर २०१७ च्या सुरक्षा अपडेटमध्ये ही चूक दुरुस्त केली. अँड्रॉइड ७ पासून आलेल्या नव्या पद्धतीत सही साऱ्या फाइलवर असते, एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी ती मोडते. म्हणून फोन किती जुना आहे, त्याला सुरक्षा अपडेट मिळतात का, हेही या प्रश्नाचाच भाग आहे. आत्याच्या फोनवर अँड्रॉइड १२ होतं, त्यामुळे त्या नकारावर मी भरवसा ठेवू शकत होतो.

नकार म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे

तरीही तेवढ्यावरून त्या गृहस्थांना खोटं ठरवणं मला बरोबर वाटलं नाही. सही न जुळण्याची सरळ कारणंही असतात. एकच खेळ दोन वेगळ्या स्टोअरवर असेल तर दोन्हीकडच्या प्रतींवर वेगळी सही असू शकते. गूगल प्लेवर ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपसाठी अशी पद्धत आहे की अंतिम सहीची किल्ली गूगलकडे असते. बनवणाऱ्याने स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवलेली प्रत त्याने दुसऱ्या किल्लीने सही केलेली असेल, तर ती खरी असूनही प्लेच्या प्रतीवर बसणार नाही. बनवणाऱ्याला किल्ली बदलायची झाली तर अँड्रॉइड ९ पासून त्याचीही सोय आहे. जुनी किल्ली नव्या किल्लीची हमी देते आणि फोन ती हमी मानतो.

गृहस्थांच्या मेसेजमध्येही एक गोष्ट खरी होती. स्टोअरवर अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी मिळतो असं नाही. बनवणारे आधी थोड्या टक्के लोकांना देतात, काही बिघडत नाही ना ते पाहतात, मग हळूहळू वाढवतात. त्यामुळे एका भिडूला नवं व्हर्जन दिसतं आणि दुसऱ्याला नाही, हे रोजचं आहे. फसवणारा मजकूर असाच असतो. त्यात एक तुकडा खरा असतो आणि तो तुकडा ऐकणाऱ्याने स्वतः अनुभवलेला असतो.

म्हणून मी आधी आत्याच्या फोनवरची जुनी प्रत कुठून आली ते पाहिलं. सेटिंग्जमध्ये ॲप, त्यात हा खेळ, आणि पानाच्या अगदी खाली ॲपच्या तपशिलाची ओळ. ॲप गूगल प्ले स्टोअरवरून इन्स्टॉल झालं आहे, असं तिथे होतं. ती ओळ दाबली की स्टोअरमधलं नेमकं त्याच ॲपचं पान उघडतं. हा रस्ता मला फार मोलाचा वाटतो. स्टोअरमध्ये नाव टाकून शोधलं तर त्याच चेहऱ्याची, त्याच रंगांची चार-पाच ॲप समोर येतात. पत्त्यांच्या खेळात तर हे फारच, कारण एक्का आणि राणी कोणाच्याही चिन्हावर तेच असतात. सेटिंग्जमधून गेलं तर शोधावंच लागत नाही.

पान उघडलं. बनवणाऱ्याचं नाव ओळखीचं. शेवटच्या अपडेटची तारीख चार आठवड्यांपूर्वीची. आणि बटणावर लिहिलेलं, "उघडा". "अपडेट करा" नाही. म्हणजे आत्याच्या फोनसाठी त्या घटकेला स्टोअरकडे नवं काहीही नव्हतं. माझ्या मते सामान्य माणसाने इथेच थांबावं. फाइल खरी असो वा खोटी, तिला ती घेण्याचं कारणच उरलं नव्हतं. पुढची तपासणी मी केली ती गटातल्या बाकीच्यांसाठी, कारण "सगळ्यांचं तसंच झालं" या शब्दांनी मला अस्वस्थ केलं होतं.

फाइल न चालवता उघडली

आलेली फाइल मी लॅपटॉपवर घेतली, आणि आत्याच्या फोनवरच्या खेळाची प्रतही केबलने काढून घेतली. दोन्ही शेजारी ठेवल्या. फाइल नुसती वाचायची असेल तर तिच्यातून काही चालू होत नाही. अँड्रॉइडच्या विकासकांसाठीची साधनं फुकट मिळतात, त्यांत सही वाचणारं एक साधन आहे.

पॅकेजचं नाव दोन्हीकडे तंतोतंत एकच होतं. चित्र तेच, दिसणारं नाव तेच. आवृत्तीचा क्रमांक नव्यात मोठा. यातलं काहीच पुरावा ठरत नाही, कारण हे सगळं फाइल बनवणारा स्वतःच्या हाताने लिहितो. नावावर विसंबलं की काय होतं याचं गाजलेलं उदाहरण २०१८ सालचं आहे. एपिक गेम्सने 'फोर्टनाइट' अँड्रॉइडवर आणताना प्ले स्टोअर टाळलं आणि स्वतःचा इन्स्टॉलर दिला. हा इन्स्टॉलर खेळाची फाइल फोनच्या सामायिक जागेत उतरवायचा. ती उतरून तपासली गेली की तेवढ्या क्षणात, त्या जागेत लिहिण्याची परवानगी असलेलं दुसरं कुठलंही ॲप तिथे आपली फाइल ठेवू शकत होतं. सॅमसंगच्या फोनवर पुढची तपासणी फक्त पॅकेजच्या नावाची होती. नाव बरोबर असलं की परकी फाइलसुद्धा काही न विचारता बसायची. गूगलच्या अभियंत्यांनी ही चूक ऑगस्ट २०१८ मध्ये कळवली आणि एपिकने लगेच दुरुस्त केली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत जे घडू शकलं, ते गटात आलेल्या फाइलच्या बाबतीत गृहीतच धरावं.

मग सही पाहिली. प्रमाणपत्राचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली ओळख, ही चौसष्ट अक्षरांची एक ओळ असते. आत्याच्या प्रतीची ओळ आणि नव्या फाइलची ओळ एकाखाली एक ठेवल्यावर पहिल्या दोन अक्षरांतच फरक होता. हे अपेक्षितच होतं. खरी गोष्ट कळली ती प्रमाणपत्रातल्या मालकाच्या नावावरून. जुन्या प्रतीत गूगलने प्ले स्टोअरसाठी तयार केलेल्या किल्लीची माहिती होती. नव्यात मालक म्हणून नुसतं "अँड्रॉइड" लिहिलेलं होतं, आणि ईमेलच्या जागीही अँड्रॉइडच. ही अँड्रॉइडच्या सर्वांना खुल्या असलेल्या मूळ कोडबरोबर मिळणारी चाचणीची किल्ली. तिचा गुप्त भाग गुप्त नाहीच, तो जगात कोणालाही उतरवून घेता येतो. दुसऱ्याचं ॲप फोडून, बदलून पुन्हा बांधणारी आयती साधनं ही किल्ली सर्रास वापरतात. लाखो लोकांचा खेळ चालवणारी कंपनी आपल्या मालावर सार्वजनिक किल्लीने सही करत नाही. केली तर कोणीही तिच्या नावाने अपडेट काढू शकेल. दोन स्टोअर, दोन किल्ल्या ही शक्यता माझ्या मनातून इथे गेली.

आकारही बोलत होता. आत्याच्या फोनवरच्या खेळाचे तुकडे मिळून ९० एमबीच्या वर भरत होते. आजकाल प्ले स्टोअर एकच फाइल देत नाही, मूळ फाइल आणि त्या फोनला लागणारे तुकडे असे देतो, म्हणून बेरीज करावी लागते. नुसती मूळ फाइल बघितली असती तर मी चुकीचा निष्कर्ष काढला असता. गटात आलेली फाइल मात्र एकटीच आणि ११ एमबीची होती. पत्त्यांची चित्रं, आवाज, हलणारी टेबलं एवढ्यात मावत नाहीत. आत पाहिलं तर पत्ते नव्हतेच. एक पडदा होता, "अपडेट सुरू आहे" असं लिहिलेला, आणि त्यामागे दुसरं ॲप इन्स्टॉल करण्याची तयारी.

परवानग्यांच्या यादीने उरलासुरला संशय फेडला. खऱ्या खेळाला इंटरनेट, कंपन, सूचना आणि खेळातली खरेदी एवढंच लागत होतं. नव्या फाइलला एसएमएस वाचायचे होते, येणारे एसएमएस पकडायचे होते, संपर्कांची यादी हवी होती, दुसऱ्या ॲपच्या वर आपला पडदा दाखवायचा होता, आणखी ॲप इन्स्टॉल करायची होती आणि ॲक्सेसिबिलिटी सेवा चालवायची होती.

ॲक्सेसिबिलिटीबद्दल जरा थांबून सांगतो. ही सोय दृष्टी किंवा हातांची अडचण असलेल्यांसाठी आहे. ती मिळालेलं ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि माणसाच्या वतीने बटणं दाबू शकतं. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या ॲपला हे लागतंच. पत्ते वाटणाऱ्या ॲपला ते कशासाठी? एसएमएस, वरचा पडदा आणि ॲक्सेसिबिलिटी हे त्रिकूट बँकेचे पैसे पळवणाऱ्या ॲपची ओळखखूण आहे. बँकेचं ॲप उघडलं की वर नकली पडदा येतो, तिथे टाकलेला पासवर्ड चोराकडे जातो, ओटीपी एसएमएसमधून उचलला जातो. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ही सेवा सहज मिळू नये म्हणून एक जादा अडसर आहे. आत्याच्या १२ वर तो नव्हता.

आणखी एक बारकावा. फाइलमध्ये आपण अँड्रॉइडच्या कुठल्या पिढीसाठी बनलो आहोत हे लिहिलेलं असतं. इथे तो आकडा २२ होता, म्हणजे २०१५ च्या अँड्रॉइड ६ च्याही आधीची पिढी. त्या काळी परवानग्या वापरताना एकेक करून विचारल्या जात नसत, सगळ्या एकदम दिल्या जात. जुनेपणाचं सोंग घेऊन तीच सवलत उपटायची असते. अँड्रॉइड १४ अशी फाइल इन्स्टॉलच होऊ देत नाही.

विषाणू तपासणीने काय सांगितलं

हे सगळं कळल्यावर मी फाइल व्हायरसटोटलवर टाकली. तिथे सत्तरहून अधिक तपासणी यंत्रणा एकाच वेळी फाइल पाहतात. फक्त दोघींनी लाल खूण केली, आणि त्यांनी दिलेलं नावही मोघम होतं. बाकी सगळ्यांना ती निर्धोक वाटली.

मला हे सांगावंसं वाटतं, कारण पुष्कळ लोक तपासणी म्हणून एवढंच करतात. ही फाइल ताजी होती. विषाणू ओळखणाऱ्या यंत्रणा बऱ्याच अंशी आधी पाहिलेल्या खुणांवर चालतात, आणि नव्याने बांधलेल्या फाइलची खूण अजून कुणाच्या यादीत नसते. शिवाय "यात विषाणू सापडला नाही" आणि "ही त्या कंपनीची फाइल आहे" ही दोन वेगळी उत्तरं आहेत. आपला प्रश्न दुसरा होता, आणि त्याचं उत्तर सहीशिवाय कोणाकडेच नव्हतं.

ज्यांनी फाइल पाठवली ते

त्या गृहस्थांवर आत्या चिडली होती. मला मात्र त्यांची चिंता वाटत होती. मी तिच्या फोनवरून त्यांना मेसेज न करता थेट कॉल करायला सांगितलं. त्यांच्या फोनवर कोणाचा ताबा आहे हे माहीत नसताना तिथे मेसेज पाठवण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, "वहिनी, मी कुठली फाइल पाठवलीच नाही."

त्यांनी खरं तेच सांगितलं. आठवडाभरापूर्वी दुसऱ्या एका गटात त्यांना तीच फाइल आली होती. त्यांच्याही फोनने नकार दिला होता, त्यांनी जुनं काढलं आणि नवं टाकलं. खेळ उघडलाच नाही, तेव्हा त्यांनी स्टोअरवरून खेळ पुन्हा घ्यायचा प्रयत्न केला, तोही बसेना. तेच पॅकेजचं नाव खोट्याने अडवून ठेवलं होतं आणि आता खऱ्याची सही खोट्याशी जुळत नव्हती. जो पहारा त्यांच्या बाजूने उभा होता, तो आता चोराच्या बाजूने उभा होता. त्यानंतरचे मेसेज त्यांच्या नावाने, त्यांच्या नकळत जात होते. "सगळ्यांचं तसंच झालं" हेही त्यांनी लिहिलेलं नव्हतं.

त्यांना जे करायला सांगितलं ते क्रमाने लिहितो, कारण क्रम चुकला तर ॲप निघत नाही. पहिल्यांदा विमान मोड, म्हणजे फोनचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. मग ॲक्सेसिबिलिटीमध्ये जाऊन त्या ॲपची सेवा बंद, आणि फोनचं प्रशासक म्हणून त्याला अधिकार दिला गेला असेल तर तोही काढायचा. मगच ॲप काढायचं. त्यांच्या फोनवर काढण्याचं पान उघडलं की आपोआप मिटत होतं, ॲपच ते बटण दाबू देत नव्हतं. फोन सेफ मोडमध्ये चालू केल्यावर, जिथे बाहेरची ॲप झोपलेली असतात, ते निघालं. "अपडेट सुरू आहे" म्हणत मागून टाकलेलं दुसरं ॲपही तिथेच सापडलं. त्याला चिन्हच नव्हतं, फक्त सेटिंग्जच्या यादीत ते दिसत होतं. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. बँकेला कॉल त्याच दिवशी. आणि शेवटी फोन कारखान्यातल्या स्थितीत न्यायचा. फोटो वाचवण्यासाठी त्यांना ही शेवटची पायरी टाळायची होती. मी आग्रह धरला. आधी फोटो लॅपटॉपवर घेतले आणि मग फोन पुसला. त्यांच्या खात्यातून पैसे गेले नव्हते. खेळातली नाणी मात्र गेली, जुनं ॲप काढलं त्याच क्षणी.

सही जुळली तरी

ही पद्धत कुठे कमी पडते हेही या प्रकरणाच्या नोंदीत हवं. सही सांगते की किल्ली तीच आहे. किल्ली कोणाच्या हातात आहे आणि त्याच्या मनात काय आहे, हे ती सांगत नाही. २०२० च्या अखेरीस गूगल प्लेवरच्या एका बारकोड स्कॅनर ॲपचं असंच झालं. वर्षानुवर्षं साधेपणाने चाललेलं, एक कोटीहून जास्त वेळा इन्स्टॉल झालेलं हे ॲप एका अपडेटनंतर लोकांच्या ब्राउझरमध्ये जाहिराती उघडू लागलं. अपडेट स्टोअरवरूनच आला होता आणि जुन्यावर बिनबोभाट बसला होता. पुढे गूगलने ते ॲप स्टोअरवरून काढलं. म्हणून खऱ्या अपडेटनंतरही परवानग्यांवर एक नजर टाकावी असं मला वाटतं. पत्त्यांचा खेळ अचानक संपर्क किंवा मायक्रोफोन मागू लागला तर त्याचं कारण खेळाच्या आत दिसायला हवं. टेबलावर बोलण्याची नवी सोय आली असेल तर मायक्रोफोन समजू शकतो. संपर्क "नाही" म्हणून बघावेत, खेळ अडत नसेल तर ते नाहीच बरे.

आयफोनवर गटातली फाइल अशी सरळ बसत नाही, त्यामुळे तिथे फसवणुकीची वाट वेगळी असते. "अपडेटसाठी" प्रोफाइल, म्हणजे फोनच्या सेटिंग्ज बदलणारी फाइल, टाका, कंपनीच्या प्रमाणपत्रावर भरवसा ठेवा, किंवा चाचणीच्या ॲपमधून घ्या, असं सांगितलं जातं. स्टोअरवर असलेल्या खेळाच्या नेहमीच्या अपडेटला यातलं काहीच लागत नाही.

खेळाच्या आतच "नवं व्हर्जन घ्या" अशी पाटी आली तर काय, हे आत्याने विचारलं. खेळाला स्टोअरची स्वतःची अपडेटची खिडकी दाखवता येते, ही सोय गूगलने २०१९ मध्ये दिली. पण खिडकीचं चित्र कोणालाही काढता येतं, आणि दिसण्यावरून खरं-खोटं मला स्वतःलाही सांगता येणार नाही. म्हणून मी तिला पाटी मिटवून सेटिंग्जमधल्या त्याच रस्त्याने स्टोअरवर जायला शिकवलं. ती तीनदा करून बघितल्यावर म्हणाली, "हे तर पत्ते पिसण्यापेक्षा सोपं आहे."

अपडेटची वाट बघण्याआधी आम्ही आणखी एक काम केलं. तिचा पाहुणा खेळाडू एका खात्याशी जोडला, म्हणजे उद्या फोन पडला तरी नाणी जाणार नाहीत. पाचव्या दिवशी स्टोअरच्या पानावर "अपडेट करा" आलं. तिने दाबलं. काही विचारलं गेलं नाही, काही काढावं लागलं नाही, नाणी होती तिथेच. मी पुन्हा केबल लावून सही पाहिली. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. परवानग्याही होत्या तेवढ्याच.

"जुन्यावर टेबल उघडणार नाही" ही धमकी मधल्या चार दिवसांत खोटी ठरलीच होती. रोज संध्याकाळी डाव होत होता. गटातल्या आणखी दोघांनी ती फाइल घेतली होती, त्यांचे फोन आम्ही एका दुपारी बसून स्वच्छ केले. ते गृहस्थ आता नव्या खात्यावरून शून्य नाण्यांनी खेळतात आणि आत्या त्यांना भिडू म्हणून घेते. गटात कोणीही फाइल टाकली की पहिला मेसेज तिचा असतो: "जुनं काढावं लागतं का?"